बिनकामाचा फोन

मालतीअक्का बिलोलीकरांचा पहिला फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. गुरुवारची दुपार होती. मंडळात नाव नोंदवून जेमतेम आठवडा झाला होता. पहिलं काम आलं असणार असं समजून मी उठून बाहेर आलो आणि उगाचच कामसू आवाजात म्हणालो, "हं, बोला."

"जेवलाव का?"

"हो, जेवलो. काय काम होतं?"

"काम? काही नाही बाबा, असंच. तुमच्या बायकोला इथलं पाणी मानवलं का? पुण्याच्या लोकांचे केस गळतेत म्हणे इथं."

केस गळत होते. पण ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, आणि ज्यांना मी एकदाच पाच मिनिटं भेटलो होतो अशा बाईंना तर नाहीच नाही. मी दोन-चार वाक्यांत फोन गुंडाळला आणि आत जाऊन बसलो. पुढच्या गुरुवारी पुन्हा फोन. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वेळी मी जरा वैतागूनच विचारलं, "अक्का, काम असेल तर मेसेज टाकलात तरी चालेल."

"काम निघालं की सांगीन की. हा बिनकामाचा फोन हाय."

मंडळ म्हणजे हैदराबादेत काचीगुड्याला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दृष्टिहीनांचं मंडळ आणि खाली चष्म्याचं दुकान, हा विनोद तिथे येणारा प्रत्येक नवा माणूस एकदा करतो. मीही केला होता. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवायची आणि परीक्षेत ते सांगतील ते उत्तरपत्रिकेवर लिहून द्यायचं, एवढंच मंडळाचं काम. लिहून देणाऱ्याला लेखनिक म्हणतात. त्याचं शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा एक पायरी कमी असावं लागतं, नाहीतर पेपर तोच सोडवून टाकेल ही परीक्षा घेणाऱ्यांची भीती. त्यामुळे आम्ही इंजिनिअर मंडळी वाचायला चालत होतो, लिहायला नाही. अक्का इंटर झालेल्या, म्हणजे बारावी. "घरचे जन्मभर टोचत राहिले, पुढं शिकली नाहीस म्हणून," त्या म्हणायच्या. "आता बघा, तुमच्या डिग्र्या बाहेर बाकड्यावर आणि मी आत हॉलमध्ये!"

आबिड्सच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी सगळी नोकरी टेलिफोनच्या बोर्डावर काढली. कोणाचा फोन कुणाला जोडायचा, कुणाला थांबवायचं, साहेब जागेवर नाहीत हे कुठल्या आवाजात सांगायचं, हे सगळं त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. माणसाच्या 'हॅलो'वरून त्याचं काय बिनसलंय हे त्यांना कळायचं असं सगळे म्हणत. मला ते तेव्हा थोतांड वाटायचं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. घर मंडळापासून दोन गल्ल्या पलीकडे, वडिलांच्या वेळचं. मोबाईल घेतला नाही तो नाहीच. लँडलाईनच्या रिसीव्हरवर त्यांनी क्रोशाची टोपी विणून घातली होती, आणि ती उबदार टोपी हैदराबादच्या मे महिन्यातही तशीच असायची.

मंडळाचे जे स्वयंसेवक होते, ते अक्कांच्या रजिस्टरमध्ये होते. लांबट, निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर. मी पहिल्यांदा उघडून पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. त्यात माणूस कधी मोकळा असतो, कुठल्या भाषा येतात, यातलं काही नव्हतं. पहिल्या रकान्यात नाव आणि नंबर. दुसऱ्यावर लिहिलं होतं 'घरचं', आणि त्याखाली असलं काय काय: 'सासूचा मोतीबिंदू, उजवा झाला, डावा राहिलाय.' 'मुलगा गणितात कच्चा, पण ते बोलायचं नाही.' 'नवीन फ्लॅट. शेजारी बरे नाहीत.' माझ्या नावापुढे होतं, 'पुण्याचे. घाईत असतेत. बायकोचे केस.' तिसऱ्या रकान्यात फक्त तारखा. त्या तारखा बिनकामाच्या फोनच्या. कामासाठी केलेल्या फोनची तारीख त्या लिहीतच नसत.

"कामाचा फोन हिशेबात धरायचा नाही," हा त्यांचा नियम. "एका कामाच्या फोनमागं बिनकामाचे दोन. नाहीतर आपलं नाव दिसलं की माणूस फोन उलटा करून ठेवतंय."

एकदा श्रीनिवास नावाचा आमचा एक लेखनिक परीक्षेला आलाच नाही. विद्यार्थी फाटकात उभा, घंटा झालेली. शेवटी अक्का ऑटो करून धावल्या आणि अर्धा तास उशिरा त्याला घेऊन हॉलमध्ये बसल्या. संध्याकाळी मंडळात आम्ही सगळे तापलो होतो. काढून टाका, नाव खोडा. अक्कांनी आमच्यासमोरच त्याला फोन लावला. आता बरी कानउघाडणी होणार म्हणून आम्ही कान टवकारले.

"श्रीनू, खैरियत? आवाज का असा?"

पलीकडून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं.

"झोप लागली? बरं झालं बाबा. किती दिवसांनी लागली?"

श्रीनिवासला जुळी झाली होती, दीड महिन्यापूर्वी. आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. अक्कांना माहीत होतं, कारण रजिस्टरमध्ये होतं. त्या दहा मिनिटं बाळांच्या पोटदुखीवर बोलल्या. परीक्षेचा शब्द काढला नाही. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "अक्का, अहो, निदान एकदा बोलायचं तरी! त्या पोराचं वर्ष गेलं असतं."

"ओरडल्यानं माणूस येतंय, पुणेकर. पण एकदाच येतंय."

श्रीनिवास त्यानंतर दोन-तीन वर्षांत एकदाही चुकला नाही. हे मला तेव्हा दिसत होतं. दिसूनही मी त्याला अक्कांची भाबडी पद्धत म्हणत राहिलो, हे आता लिहिताना लाज वाटते.

परीक्षा सुटायच्या वेळी त्या फाटकाशी थर्मास घेऊन उभ्या असत. विद्यार्थ्याला घेरून सगळे विचारायचे, पेपर कसा गेला. अक्का त्यांच्यातून वाट काढत लेखनिकाकडे जायच्या आणि त्याचा उजवा हात हातात घेऊन विचारायच्या, "हात दुखला का?" तीन तास दुसऱ्याचं लिहायचं, आपल्याला उत्तर येत असलं तरी आपलं एक अक्षर घालायचं नाही, आणि बाहेर आल्यावर आपल्याला कोणी विचारत नाही. "पेपर त्याचा असतो की. पण हात तर ह्याचा असतो ना?"

अक्का देवमाणूस होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. प्रत्येकाच्या घरचं त्यांना माहीत, आणि एकाचं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. वाचून दाखवायला येणाऱ्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. तिने ते फक्त अक्कांना सांगितलं होतं. अक्कांनी काळजीपोटी तीन जणींना सांगितलं, "तिला जरा सांभाळून घ्या" म्हणून. त्या तिघी इतकं सांभाळून घ्यायला लागल्या की मुलीच्या लक्षात आलं आणि ती यायची थांबली. अक्का तिच्या घरी गेल्या. तिने आत बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, पण परत आली नाही. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे दर महिन्याची तारीख होती आणि प्रत्येक तारखेपुढे अक्कांच्या गोल अक्षरात, 'उचलत नाही.'

मला निमित्तच मिळालं. समितीच्या बैठकीत मी म्हणालो, लोकांची खासगी माहिती अशी वहीत ठेवणं बरोबर नाही. ते खरंही होतं. त्या खऱ्या गोष्टीच्या आडून मी माझी आवडती गोष्ट पुढे रेटली. मी लॅपटॉप उघडला, भिंतीवर पडदा लावला आणि दाखवलं: नाव, नंबर, भाग, भाषा, शिक्षण, मोकळा वेळ. काम आलं की एका बटणात सगळ्यांना मेसेज. वाढदिवसाच्या शुभेच्छा आपोआप. मेळाव्याची निमंत्रणं आपोआप. आभार आपोआप. सगळ्यांचे चेहरे उजळले. अक्का पदर सावरून पुढे सरकल्या आणि चष्मा वर करून पडद्याकडे बघत राहिल्या.

"मग ह्याच्यात त्यांनी काय सांगायचं?"

"त्यांनी फक्त 'हो' किंवा 'नाही' दाबायचं."

"आणि मधलं?"

सगळे हसले. मीही हसलो. अक्काही हसल्या, जरा उशिरा.

ते रजिस्टर त्यांनी मला स्वतः आणून दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी दोन दिवस बसून नावं उतरवून घेतली. 'घरचं' हा रकाना कुठे बसवावा कळेना, म्हणून सोडून दिला. मंडळाने अक्कांना शाल-श्रीफळ दिलं. आता दगदग नको, आराम करा, असं प्रत्येकजण बोलला. अक्का म्हणाल्या, "आराम तर करीन, पण काय करत करू?" पुन्हा सगळे हसले. निघताना जिन्यात मी म्हणालो, "अक्का, मी फोन करत राहीन हं."

"करा की. गुरुवारी करा. मी घरीच असते."

पहिले काही महिने माझी यंत्रणा झकास चालली. मग 'हो' दाबणारे कमी झाले. मग 'हो' दाबून न येणारे निघाले. मेसेजखाली निळ्या खुणा दिसायच्या, म्हणजे वाचलंय सगळ्यांनी, पण उत्तर नाही. कोणी भांडलं नाही, कोणी राजीनामा दिला नाही. माणसं आवाज न करता ग्रुपमधून निघून गेली. श्रीनिवासने एकदा लिहिलं, 'या वर्षी जमेल असं वाटत नाही.' मी त्याला अंगठा पाठवला. का जमणार नाही, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

आणि अक्कांना फोन? प्रत्येक गुरुवारी आठवायचं असं म्हटलं तर खोटं होईल. अधूनमधून आठवायचं, बहुतेक गाडी चालवताना, आणि वाटायचं, आता केला तर अर्धा तास जाईल.

साधारण वर्षाने लक्ष्मीचा पेपर आला. लक्ष्मी मंडळाची विद्यार्थिनी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला शाळेत हिंदी शिकवायची होती. ठरलेली लेखनिक आदल्या दिवशी सकाळी तापाने पडली. मी यादी चाळली. इंटरपेक्षा जास्त शिकलेला चालणार नाही, आणि हिंदी झरझर लिहिणारा हवा. आमची कॉलेजातली मुलं हिंदी बोलतात फर्राट, पण लिहायला बसवलं की एका ओळीला पाच मिनिटं. सगळ्यांना मेसेज गेला. निळ्या खुणा आल्या. दुपारपर्यंत एकही 'हो' आला नाही. तेव्हा मला अक्का आठवल्या. फोनवर विचारायची हिंमत होईना, म्हणून विद्यानगरच्या माझ्या घरून सरळ त्यांच्याकडे गेलो.

दार त्यांनीच उघडलं. वाळल्या होत्या. मला बघताच त्यांनी दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या.

"अगं बाई, पुणेकर! या, या. काय काम काढलंत?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही. असंच आलो."

मी असं का बोललो? भीड पडली म्हणा, किंवा ते दार ज्या घाईने उघडलं गेलं ते बघून धीर सुटला म्हणा. अक्का हरखल्या. बसा म्हणाल्या, मग तिथे नका, पंख्याखाली बसा म्हणाल्या. सर्वपिंडी करून ठेवली होती, ती तव्यावर गरम करून आणली. तांदळाच्या पिठाची ती जाड भाकरी, वर शेंगदाणे. शेजारच्या तेलुगू बाईंकडून त्या शिकल्या होत्या. मग एकेकाचं विचारायला लागल्या. श्रीनूची जुळी शाळेत जातायत का? अमक्याच्या सासूचा डावा डोळा झाला का? त्या फ्लॅटवाल्यांचं शेजाऱ्यांशी जमलं का? मला एकाही प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. मी आपला "हो, बरं आहे सगळं" म्हणत राहिलो. आवाजावरून माणूस ओळखणाऱ्या बाईंसमोर मी ही थाप मारत होतो.

"मेळाव्याला जेवण काय होतं औंदा?"

"तुम्ही आला नाहीत ना. निमंत्रण मिळालं नव्हतं?"

"नाही आलं. वाढदिवसाला बी काही आलं नाही. म्हटलं, आता नवीन नियम असतील. काम करणाऱ्यांनाच धाडत असतील."

त्या हे सहज बोलल्या, चहाचा कप पुढे सरकवत. मी मोबाईल काढून तिथेच यादी पाहिली. मालती बिलोलीकर हे नाव यादीत नव्हतं. कसं असेल? यादी मी रजिस्टरवरून केली होती, आणि रजिस्टर अक्कांचं होतं. इतरांना फोन करणारी बाई स्वतःचं नाव त्यात कशाला लिहील? वर्षभर माझ्या यंत्रणेने सगळ्यांना शुभेच्छा दिल्या, सगळ्यांना बोलावलं, सगळ्यांचे आभार मानले. जिच्या वहीतून ती यंत्रणा निघाली, ती तेवढी बाहेर राहिली. आणि मंडळातल्या एकाही माणसाला, मलासुद्धा, वर्षभरात ते जाणवलं नाही.

मी कप खाली ठेवला. पण उद्या सकाळी पेपर होता. लक्ष्मीला लेखनिक मिळाला नाही तर तिचं वर्ष जाणार होतं. मी उठलो, दारात चपला घातल्या, आणि त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "अक्का, एक काम होतं."

मी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मघापासून चेहऱ्यावर जे होतं, तेवढं मात्र गेलं होतं.

"हौ, बोला की," त्या म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी वेळ विचारली, हॉल कुठे आहे ते विचारलं, पोरगी सकाळी काही खाऊन येते का तेही विचारलं. "येते मी. हात जरा दुखतोय हल्ली, पण तीन तास निघतील." मग मी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्यावर वरून म्हणाल्या, "पुणेकर, आजची भेट धरायची नाही हं. ही कामाची झाली. बिनकामाच्या दोन राहिल्या तुमच्याकडं."

"नक्की, अक्का," मी म्हणालो.

त्या दोन राहिल्या त्या राहिल्याच. पेपरनंतरच्या गुरुवारी मला काहीतरी होतं. काय होतं ते आज आठवतही नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी आम्ही पुण्याला गेलो होतो. यादीत मात्र मी त्यांचं नाव तत्परतेने घातलं, आणि यंत्रणेने त्यांना आभाराचा मेसेज आपोआप पाठवला. लँडलाईनवर. तो पोचला नाही, असं तिनेच मला कळवलं. पुढे दीड-दोन महिन्यांनी नागपूरहून त्यांच्या भाचीचा फोन आला की मावशी झोपेतच गेली. ही बातमी मी ग्रुपवर टाकली. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी उत्तर दिलं. लग्न मोडलेली ती मुलगीसुद्धा मंडळात आली आणि कोपऱ्यात बसून रडली. "मी उचलायची नाही, पण वाजला की बरं वाटायचं," म्हणाली.

लक्ष्मी पास झाली. पेढे घेऊन आली तेव्हा अक्कांची चौकशी करत होती. मी सांगितलं. पेढ्यांचा डबा तिने टेबलावर ठेवला.

"सर, अम्मा का हाथ बहुत दुखता था ना उस दिन?"

"तुला त्या म्हणाल्या?"

"नै सर, बोले नै. हर पन्ने के बाद चूड़ियाँ बजते थे. हाथ झटकते थे उनो. मैं पूछी तो बोले, तू बोल बेटा, मैं लिखतूँ."

त्या दिवशी पेपर सुटल्यावर मी फाटकाशी नव्हतो. मला ऑफिस होतं. परत न्यायला मी ॲपवरून टॅक्सी पाठवली होती आणि ती वेळेवर पोचल्याचं मोबाईलवर पाहून मी निश्चिंत झालो होतो. अक्कांचा हात हातात घेऊन विचारायला तिथे कोणी नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी प्रत्येकाला विचारलेला तो साधा प्रश्न त्यांना एकदा विचारायची संधी माझ्या वाट्याला आली होती, आणि मी ती घालवली. याला आता इलाज नाही.

हल्ली दर गुरुवारी चार वाजता मी ते निळं रजिस्टर उघडून बसतो. एकेकाला फोन लावतो. काही उचलतात, काही नाही. "काय काम होतं?" असं विचारतात, तेव्हा मी सांगतो, काही नाही, आणि पलीकडचा आवाज एकदम संशयी होतो. श्रीनिवासने मात्र परवा विचारलं, "अक्कांनी शिकवलं का?" मी हो म्हणालो. त्यांनी शिकवलंच होतं. मी उशिरा शिकलो.

डोळ्यांपुढे येतात त्या मात्र पेपरच्या सकाळच्या अक्का. मी दोघींना गाडीतून फाटकाशी सोडलं. अक्कांनी ठेवणीतली फिकट हिरवी साडी नेसली होती, पर्समध्ये चार पेनं होती. लक्ष्मीने त्यांचा कोपर धरला आणि दोघी हळूहळू पायऱ्या चढायला लागल्या. अक्का प्रत्येक पायरी मोजून तिला सांगत होत्या. मागून गाड्यांचे हॉर्न वाजत होते, मी गाडी पुढे काढणार तेवढ्यात त्या वरच्या पायरीवर थांबल्या आणि वळल्या. एवढ्या गोंगाटात हाक ऐकू येणार नाही हे त्यांना कळत होतं. त्यांनी उजव्या हाताची मूठ रिसीव्हरसारखी कानाला लावली आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं.

मी काच खाली केली आणि ओरडून म्हणालो, "गुरुवारी करतो!"

त्या हसल्या, मान हलवली, आणि लक्ष्मीला घेऊन आत गेल्या.